पडद्यावरचे पन्नास ठिपके

पडद्यावर एक लांबट आयत दिसतो आहे. त्याची लांबी १५०० मीटर आणि रुंदी ३०० मीटर धरलेली आहे. आत फिरणाऱ्या ५० ठिपक्यांपैकी प्रत्येक ठिपका म्हणजे रेडिओ असलेले एक उपकरण, तांत्रिक भाषेत एक नोड. येथे टॉवर नाही, राउटर नाही, कोणाकडे जाळ्याचा पूर्ण नकाशाही नाही. प्रत्येक नोडचा पल्ला २५० मीटर धरला आहे, म्हणजे आयताच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला संदेश जायचा असेल तर त्याला किमान सहा उड्या माराव्या लागतील, आणि त्या प्रत्येक उडीसाठी मधल्या एखाद्या नोडने तो संदेश घेऊन पुढे द्यावा लागेल. अशा जाळ्याला मोबाइल ॲड हॉक नेटवर्क, थोडक्यात मॅनेट, म्हणतात.

हा आयत १९९८ सालचा आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी एनएस-२ या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जाळ्याचे वागणे संगणकावर आभासी रूपात चालवून पाहण्याच्या साधनात, बिनतारी जाळ्यांची सोय घातली आणि डीएसडीव्ही, टोरा, डीएसआर आणि एओडीव्ही या चार राउटिंग प्रोटोकॉलची, म्हणजे संदेशाचा मार्ग ठरवणाऱ्या नियमसंचांची, तुलना केली. प्रत्येक प्रयोग ९०० सेकंदांचा होता. जागा चौकोनी न घेता लांबट घेण्यामागे विचार होता. चौकोनात मार्ग आखूड पडतात आणि प्रोटोकॉलचा कस लागत नाही. पुढे मात्र असे झाले की ५० नोड, १५०० गुणिले ३०० आणि ९०० सेकंद हे आकडे, ज्या कारणासाठी निवडले होते ते कारण मागे टाकून, एका प्रबंधातून दुसऱ्या प्रबंधात जाऊ लागले.

मुळात ही कल्पना बरीच जुनी आहे. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांच्या पुढाकाराने उभारलेले अलोहा जाळे १९७१ मध्ये सुरू झाले आणि रेडिओवरून पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे गठ्ठे, पाठवता येतात हे त्याने दाखवून दिले. १९७३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, म्हणजे डार्पाने, फिरत्या वाहनांनाही सामावून घेणाऱ्या पॅकेट रेडिओ जाळ्याचे काम हाती घेतले. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये १९९७ साली मॅनेटचा कार्यगट झाला. २००३ मध्ये एओडीव्ही आणि ओएलएसआर हा आणखी एक राउटिंग प्रोटोकॉल यांची, तर २००७ मध्ये डीएसआरची कागदपत्रे प्रसिद्ध झाली.

या क्षेत्रात सिम्युलेशनला इतके महत्त्व का आले, हे समजून घेण्यासाठी खरा प्रयोग करायचा झाला तर काय लागेल ते पाहावे. पन्नास माणसे, पन्नास उपकरणे आणि मोठे मैदान लागेल. प्रत्येकाने ठरल्याप्रमाणे चालायला हवे, आणि प्रोटोकॉलमधील एक आकडा बदलून तोच प्रयोग पुन्हा करायचा तर सगळ्यांना त्याच वेळी, त्याच पावलांनी, त्याच वाटांनी पुन्हा चालावे लागेल. ते अशक्य आहे. सिम्युलेटर हे अशक्य काम एका आज्ञेत करतो.

तो हे कसे करतो, ते जवळून पाहू. एनएस-२, २००८ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालेला एनएस-३, किंवा ओमनेट प्लस प्लस, या सर्वांच्या पोटात एक रांग असते. तीत पुढे घडायच्या घटना वेळेच्या क्रमाने उभ्या असतात: अमुक क्षणी सातव्या नोडने पॅकेट पाठवले, त्यानंतर सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाएवढ्या वेळाने ते बाराव्या नोडपर्यंत पोहोचले. सिम्युलेटर रांगेतील पहिली घटना उचलतो, घड्याळ थेट त्या क्षणावर नेऊन ठेवतो, त्या घटनेमुळे उद्भवणाऱ्या नव्या घटना रांगेत घालतो आणि पुढची घटना उचलतो. दोन घटनांच्या मधला वेळ तो जगतच नाही. अनुप्रयोग, म्हणजे ॲप, बनवणाऱ्याला नेमक्या याच गोष्टीचा पुढे फटका बसतो.

आता ठिपक्यांच्या चालीकडे पाहा. प्रत्येक ठिपका आयतात कुठला तरी एक बिंदू निवडतो, शून्य आणि कमाल वेग यांच्यामधला कुठला तरी वेग निवडतो, तिथे पोहोचतो, थोडा थांबतो आणि पुन्हा तेच करतो. याला रँडम वेपॉइंट प्रतिमान म्हणतात. दिसायला ते निरुपद्रवी आहे. परंतु ज्या नोडच्या वाट्याला फार कमी वेग आला तो त्याच फेरीत फार काळ अडकून राहतो, वेगवान नोड मात्र फेरी झटपट संपवून पुन्हा वेग निवडायला येतात, आणि त्यांच्यापैकीही काहींना कमी वेग मिळतो. प्रयोग जसजसा लांबतो तसतसे रेंगाळणारे नोड साचत जातात आणि सगळ्या जाळ्याचा सरासरी वेग घसरत राहतो. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये हे दाखवून दिले. ज्याला आपण वेगवान जाळ्याचा निकाल समजत होतो तो मंदावत गेलेल्या जाळ्याचा निकाल होता. किमान वेग शून्याहून ठळकपणे मोठा ठेवणे आणि सुरुवातीचा काही काळ मोजणीतून वगळणे एवढा सोपा उपाय त्यावर आहे, पण तो करण्यासाठी आधी दोष दिसावा लागतो.

त्याहून खोल दोष पल्ल्याच्या वर्तुळात आहे. पडद्यावर नोडभोवती २५० मीटरचे वर्तुळ काढले की आत सगळे ऐकू येते आणि बाहेर काहीच नाही, असे आपोआप गृहीत धरले जाते. डार्टमथ महाविद्यालयातील संशोधकांनी २००३ मध्ये ३३ लॅपटॉप घेऊन विद्यार्थ्यांना मैदानात फिरवले आणि संशोधक मनात धरून चालतात ती गृहीतके एकेक करून तपासली: जमीन सपाट असते, रेडिओचा पल्ला गोल असतो, सगळ्या रेडिओंचा पल्ला सारखा असतो, मला तुझे ऐकू येत असेल तर तुलाही माझे ऐकू येते, ऐकू येते म्हणजे पूर्णच ऐकू येते, आणि अंतर वाढेल तशी लहरींची ताकद ठराविक सूत्राने घटते. यांपैकी एकही गृहीतक मैदानात टिकले नाही.

‘ऐकू येते म्हणजे पूर्णच ऐकू येते’ या गृहीतकापाशी थोडे थांबायला हवे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात एओडीव्हीची प्रत्यक्ष अंमलबजावणी चालवून पाहताना असे दिसले की राउटिंग तक्त्यानुसार शेजारी जागेवर आहे, मार्ग शाबूत आहे, आणि तरीही माहितीची पॅकेट त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. कारण असे होते. ‘मी इथे आहे’ असे सांगणारा हॅलो संदेश सर्वांसाठी असतो, म्हणून तो सेकंदाला २ मेगाबिट एवढ्या संथ आणि त्यामुळे दूरवर पोहोचणाऱ्या गतीने पाठवला जात होता. माहितीची पॅकेट मात्र ११ मेगाबिटच्या गतीने जात होती आणि त्या गतीचा पल्ला कमी होता. शिवाय हॅलो आकाराने लहान असतो, आणि त्याला पोचपावती नसल्याने शेजाऱ्याला आपले ऐकू येते की नाही हे त्यातून कळतच नाही. दोन पल्ल्यांमधल्या या पट्ट्याला संशोधकांनी करडा प्रदेश असे नाव दिले. या पट्ट्यात उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील ॲप ‘जोडणी आहे’ असे दाखवत राहते आणि संदेश मात्र जात नाही. सर्व पॅकेटना एकच पल्ला देणाऱ्या सिम्युलेटरमध्ये हा पट्टा असूच शकत नाही.

निकालांच्या विश्वासार्हतेबद्दल २००५ मध्ये एक पाहणी झाली. मोबिहॉक या परिषदेतील १५१ निबंधांपैकी ११४ निबंध सिम्युलेशनवर आधारलेले होते, आणि दुसऱ्या कोणाला तसाच्या तसा पुन्हा करून पाहता येईल असे १५ टक्क्यांहूनही कमी निघाले. सिम्युलेटर कोणता, त्याची आवृत्ती कोणती, यादृच्छिक आकड्यांचे बीज, म्हणजे ते आकडे ज्यावरून तयार होतात तो सुरुवातीचा आकडा, कोणते, किती वेळा प्रयोग केला, हे सांगितलेलेच नसेल तर आलेख कितीही देखणा असला तरी तो तपासता येत नाही. एनएस-३ मध्ये बीज किंवा फेरीचा क्रमांक मुद्दाम बदलला नाही तर तोच संगणकीय कार्यक्रम प्रत्येक वेळी तेच उत्तर देतो. तेच उत्तर दहा वेळा मिळाले याचा अर्थ दहा प्रयोग झाले असा होत नाही, ही गोष्ट नव्याने काम सुरू करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगायला हवी.

आतापर्यंतची चर्चा प्रोटोकॉलची होती. ज्याला अशा जाळ्यावर चालणारा अनुप्रयोग बनवायचा आहे, म्हणजे समजा आपत्तीच्या ठिकाणी बचाव पथकांनी एकमेकांना जखमींची नोंद पाठवावी असे काही, त्याच्यापुढे सिम्युलेटरचे आणखी दोन गुण दोष होऊन उभे राहतात. पहिला गुण वेळेचा. रांगेतील घटना हाताळताना गणनेला किती वेळ लागला हे सिम्युलेटर मोजत नाही. संदेशावरील डिजिटल सही पडताळायला हातातील उपकरणाला ४० मिलिसेकंद लागत असतील, तर सिम्युलेटरमध्ये त्याच कामाला शून्य लागतात. विकसकाने तो उशीर स्वतःहून घटनेच्या रूपात लिहिला नाही, तर उपकरण असीम वेगवान आहे असे धरून सगळी आकडेमोड होते.

दुसरा गुण घड्याळाचा. सिम्युलेटरमध्ये घड्याळ एकच असते आणि ते सर्व नोडांना सारखेच दिसते. समजा, ‘अ’ या नोडने एका जखमीची नोंद ‘स्थिर’ अशी केली, आणि दरम्यान जाळ्यातून तुटलेल्या ‘ब’ या नोडने तीच नोंद मिनिटभराने ‘गंभीर’ अशी बदलली. जाळे पुन्हा जुळल्यावर ज्या नोंदीची वेळ नंतरची ती खरी मानायची, असा नियम सिम्युलेटरमध्ये दर वेळी बिनचूक चालतो. मैदानात ‘ब’चे घड्याळ दोन मिनिटे मागे असले की ‘गंभीर’ ही नोंद निमूटपणे पुसली जाते, कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही, आणि कोणाला काही कळत नाही. म्हणून अशा अनुप्रयोगात घड्याळावर विसंबू नये. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या तार्किक घड्याळाचा, म्हणजे वेळेऐवजी घटनांचा क्रम मोजणाऱ्या आकड्याचा, विचार करावा, नोंदी पुसण्याऐवजी दोन्ही राखाव्यात, आणि मतभेद माणसासमोर ठेवावा. आणि चाचणी घेताना प्रत्येक नोडच्या घड्याळात मुद्दाम वेगवेगळी चूक घालावी.

टीसीपीबद्दलही, म्हणजे इंटरनेटवर माहिती खात्रीने पोहोचवणाऱ्या प्रोटोकॉलबद्दलही, स्पष्ट बोलले पाहिजे. पॅकेट हरवले म्हणजे जाळ्यात गर्दी झाली, असे टीसीपी समजते आणि वेग कमी करते. उत्तर आले नाही तर दर खेपेला आधीच्या दुप्पट थांबते. येथे पॅकेट हरवण्याचे कारण बहुधा मधला नोड निघून जाणे हे असते. एओडीव्हीमध्ये हॅलो ठरीव मूल्यानुसार दर सेकंदाला जातो आणि लागोपाठ दोन हॅलो आले नाहीत की शेजारी गेला असे मानले जाते. खालच्या, रेडिओ हाताळणाऱ्या थराकडून आधी सूचना मिळाली नाही, तर तेवढा वेळ पॅकेट रिकाम्या जागेकडे जात राहतात. त्यानंतर नवा मार्ग सापडला तरी टीसीपी आपल्या वाढलेल्या प्रतीक्षेतच बसलेले असू शकते. म्हणून संदेशाला स्वतःची ओळख देणे, तो साठवून ठेवणे, भेटेल त्या नोडकडे सोपवणे आणि दुसऱ्यांदा आला तर ओळखून टाकून देणे ही कामे अनुप्रयोगाने स्वतःकडे घेतलेली बरी. जोडणी तुटणे हा अशा जाळ्याचा नित्यक्रम आहे, आणि ॲपच्या पडद्यानेही ‘पाठवले’ आणि ‘पोहोचले’ या दोन गोष्टी वेगवेगळ्या दाखवल्या पाहिजेत.

सिम्युलेटर आणि मैदान यांच्या मध्ये एक पायरी आहे, ती इम्युलेशनची. कोअर नावाच्या मुक्त साधनात एका लिनक्स संगणकावर अनेक नोड उभे करता येतात. प्रत्येक नोडला स्वतःचे वेगळे नेटवर्क मिळते, आणि त्यात उद्या उपकरणावर जाणारा तोच कार्यक्रम जसाच्या तसा चालतो. रेडिओचे वागणे अधिक बारकाईने हवे असेल तर त्याला इमेन हे साधन जोडतात. येथे वेळ खऱ्या गतीने धावते, त्यामुळे गणनेला लागणारा वेळ लपत नाही. किंमत एवढीच की हजार नोडांचा तासाभराचा प्रयोग मिनिटात उरकत नाही. एकदा सिम्युलेटरसाठी आणि पुन्हा उपकरणासाठी असा दोनदा लिहिलेला कार्यक्रम हा आमच्या मते या क्षेत्रातील सर्वांत महाग पडणारा उद्योग आहे, कारण दोन प्रतींपैकी तपासली जाते एक आणि वापरली जाते दुसरी.

आता पडद्यावर मैदान आहे. दहा माणसे दहा उपकरणे घेऊन चालत आहेत, आणि प्रत्येक उपकरण कोणते पॅकेट कधी, कोणाकडून आणि किती ताकदीने ऐकू आले याची नोंद ठेवत आहे. संध्याकाळी या दहा नोंदी एकत्र केल्या जातील, त्यांच्यातील घड्याळांची तफावत काढली जाईल, आणि कोणाला कोणाचे केव्हा ऐकू येत होते याचा तक्ता इम्युलेटरला दिला जाईल. उद्या सकाळी ॲपची नवी आवृत्ती त्याच दहा माणसांच्या त्याच चालीवर पुन्हा चालवली जाईल, आणि त्या वेळी नोडभोवती वर्तुळे काढलेली नसतील.