कार्डवर काय लिखेल शे?

श्रोतेहो, नमस्कार.

सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा आणि धडगावच्या मधल्या पट्ट्यात मी सत्तावीस वर्षं एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवलं. आज मी माणसाच्या जनुकांविषयी बोलणार आहे. ती बदलावीत का, कोणी बदलावीत, आणि उद्या सरकारच त्यांचा हिशेब ठेवू लागलं तर काय, याविषयी. पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. पावसाळा लागला, हवा गार झाली की तो मैदानावर यायचाच नाही. भिंतीला टेकून गुडघे चोळत बसायचा. डोळे पिवळसर दिसायचे. मी त्याच्या प्रगतिपुस्तकात लिहिलं, ‘काम टाळतो’. पुढे आरोग्य विभागाचं पथक शाळेत आलं, सगळ्या मुलांच्या बोटातून रक्त घेतलं, काहींचे नमुने पुढच्या तपासणीला गेले. या मुलाचा अहवाल आला, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण. त्याच आठवड्यात मी फळ्यावर मेंडेलचे वाटाणे, म्हणजे आईबापांचे गुण मुलांत कसे उतरतात तो नियम, शिकवत होते. आणि मेंडेलचा नियम ज्याच्या हाडांत ठणकत होता, त्याला मी आळशी ठरवून मोकळी झाले होते. ती ओळ मी नंतर खोडली. पण वर्षभर ती त्या पोराच्या दप्तरात होती.

त्याचे वडील या तपासणीचं कार्ड घ्यायला आले. हातात धरून उलटसुलट पाहिलं आणि मला विचारलं, “बाई, या कार्डवर काय लिखेल शे?”

काय लिहिलेलं असतं? आपल्या जनुकांची लिपी चार अक्षरांची. अशा सुमारे तीन अब्ज अक्षरांच्या दोन प्रती, एक आईकडून आणि एक बापाकडून, जवळजवळ प्रत्येक पेशीत. त्यातल्या अकराव्या गुणसूत्रावर, हिमोग्लोबिन बनवणाऱ्या मजकुरात, एका ठिकाणी ‘ए’च्या जागी ‘टी’ येतो. एवढंच. पण त्या एका अक्षरामुळे प्राणवायू कमी पडला की गोल, लवचीक रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि माणूस वेदनेनं लोळतो. हे अक्षर आई आणि बाप दोघांकडून आलं तर मूल रुग्ण. एकाकडूनच आलं तर वाहक. वाहक आपल्यासारखाच जगतो, शेतात राबतो, त्याला सहसा काही त्रास नसतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता चारात एक. वाहकाचं लग्न ज्याच्यात हे अक्षर किंवा हिमोग्लोबिनचा दुसरा कुठला दोष नाही अशा माणसाशी झालं तर त्यांचं कुठलंही मूल सिकलसेलचं रुग्ण होत नाही. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम सावकाश बोलले, कारण ते ठाऊक नसल्यामुळे आपल्याकडे सोयरिकी मोडतात.

आता या अक्षराचं काही करता येईल का? येऊ लागलं आहे. २०१२ मध्ये जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिए यांनी क्रिस्पर नावाची जनुकीय कात्री जगापुढे ठेवली, २०२० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हिक्टोरिया ग्रे या सिकलसेलच्या रुग्ण बाईंवर ही कात्री वापरली गेली, आणि २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेनं या उपचाराला मान्यता दिली. त्यात ते चुकीचं अक्षर कोणी बदलत नाही. आईच्या पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, जन्मानंतर ते बंद पडतं. रुग्णाच्या रक्तपेशी बनवणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढून, त्या बंद पडण्याची कळच कापून टाकतात. मग हाडांतला जुना मगज औषधानं रिकामा करून त्या पेशी परत शरीरात सोडतात. काम महिनोन् महिन्यांचं आणि जीव दमवणारं. २०२३ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर होती, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं अठरा कोटी रुपयांच्या घरात. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेनं अशीच देशी पद्धत तयार केली आहे, तिला बिरसा मुंडांचं नाव दिलं आहे, आणि ती स्वस्तात देता यावी म्हणून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला सोबत घेतलं आहे. मला त्याचा मनापासून आनंद आहे. धडगावच्या, तोरणमाळच्या पोरापर्यंत ते पोहोचावं. मात्र त्याच्या आधी वेदनेचे झटके कमी करणारी हायड्रॉक्सियुरियाची गोळी आणि अडचणीला रक्ताची पिशवी पोहोचली पाहिजे. घाटात गाडी बंद पडली म्हणून पोरगं रात्रभर तळमळत राहिल्याचं मी पाहिलेलं आहे.

इथवर फारसा वाद नाही. आजारी माणूस स्वतः येतो, उपचार मागतो, आणि झालेला बदल त्याच्याच देहात राहतो. त्याच्या मुलाबाळांत उतरत नाही.

वाद पुढच्या पायरीवर आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनच्या ह जियानक्वी या संशोधकानं जाहीर केलं की त्यानं गर्भाच्या पहिल्या अवस्थेतच जनुकं बदलली आणि जुळ्या मुली जन्मल्या. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून, असं त्याचं म्हणणं. पण त्या मुलींना ती लागण टाळायचे साधे उपाय होतेच. हा बदल मात्र त्यांच्या लेकरांत, नातवंडांतही जाऊ शकतो. तिथल्या न्यायालयानं त्याला तीन वर्षांची शिक्षा केली. आपल्या देशातही वारशानं पुढे जाणारा असा बदल करायला वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियमांनी मनाई आहे.

मनाई आहे म्हटल्यावर निर्धास्त व्हावं का? खान्देशात राहणाऱ्या माणसानं तरी होऊ नये. आपण कापूस पिकवणारी माणसं. २००२ साली बीटी कापसाला, म्हणजे जनुक बदलून अळीला मारणारं विष झाडातच तयार करणाऱ्या कापसाला, परवानगी मिळाली, बोंडअळी मरेल म्हणून आपण तो लावला, आणि काही वर्षं ती मेलीही. मग गुलाबी बोंडअळीनं त्या विषाशी जुळवून घेतलं. २०१७ च्या हंगामात बोंडं फोडून आत गुलाबी अळी पाहणाऱ्या शेतकऱ्याचा चेहरा ज्यानं पाहिला, त्याला निसर्गाशी केलेला करार किती दिवस टिकतो हे वेगळं सांगायला नको. आणि ज्या तणनाशकरोधी बियाण्याला परवानगीच नाही, ते ‘चोर बीटी’ म्हणून रात्रीतून गावोगाव पोहोचतं. पावती नाही, जबाबदारी नाही. उगवलं नाही तर दाद कुठे मागणार? माणसाच्या जनुकांचंही असंच होईल. श्रीमंताला परदेशात, गरिबाला बोळातल्या दवाखान्यात. बियाणं फसलं तर एक हंगाम जातो.

केळीचंही बघा. रावेर-यावलच्या बागांत आज एकाच जातीची, ऊतिसंवर्धित रोपं एकसारखी उभी आहेत. घड एकसारखे, कापणी एका वेळी, बाजार खूश. पण विषाणू आला की सगळी बाग एकदम बसते, कारण प्रत्येक रोप दुसऱ्याची हुबेहूब नक्कल. शेतकऱ्यानं स्वतःच्या हातानं झाडं उपटून बांधावर टाकलेली तुम्ही पाहिली असतील. सगळी माणसं एका मापाची करायला निघालेल्यांनी एकदा त्या बांधावर येऊन उभं राहावं.

आता एक कल्पना करा. साल २०७०. मूल जन्मलं की त्याच्या जनुकांची नोंद तालुक्याला जाते. लग्नाची नोंदणी करायला गेलात की दोघांची कार्डं यंत्रात घालतात. दिवा हिरवा लागला तर सही. लाल लागला तर सांगतात, ‘लग्न करा, पण मूल घरी नको, केंद्रात करा. आम्ही गर्भ तपासू, अक्षरं दुरुस्त करू आणि मग देऊ.’ दुरुस्त मुलाला विमा स्वस्त, शाळेत जागा आधी. दुरुस्ती नाकारणाऱ्या आईला दर महिन्याला खुलासा द्यावा लागतो. त्यात कुणी दुष्ट नसेल. सगळे नम्र असतील, सगळ्यांच्या तोंडी बाळाचं हितच असेल. आणि सातपुड्यातल्या अक्राणी तालुक्यातली एखादी पोर बाळंतपणासाठी रातोरात डोंगर ओलांडून मध्य प्रदेशात निघून जाईल.

हे मी भीती घालायला सांगत नाही. हुकूम कसा चढतो ते आपण पाहिलेलं आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. तेव्हाही देशाचंच हित होतं. जर्मनीत १९३३ मध्ये आनुवंशिक आजार रोखण्याचा कायदा झाला आणि सुमारे चार लाख माणसांची सक्तीनं नसबंदी झाली. सही करणाऱ्यांत शिकलेले डॉक्टर होते. आणि नुसत्या तपासणीनंही काय होतं ते ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावानं दाखवलं आहे. तिथे सिकलसेलची तपासणी झाली, कोण वाहक आहे ते सांगितलं गेलं. काही वर्षांनी संशोधक परत गेले, तर वाहकांशी सोयरीक टाळली जात होती आणि काही जण आपलं वाहकपण लपवत होते. मदतीसाठी दिलेल्या माहितीचा डाग झाला होता.

आपल्याकडे १ जुलै २०२३ ला शहडोलहून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट. तपासणी हवीच. तिच्यामुळेच माझ्या विद्यार्थ्याचं दुखणं कळलं. पण ‘निर्मूलन’ हा शब्द वापरताना जरा थांबावं असं मला वाटतं. मूळ आजाराचं उपटायचं की अक्षर बाळगणाऱ्या माणसाचं, हे हुकमाच्या कागदावर नेहमी स्पष्ट राहत नाही. शिवाय हे अक्षर उगाच आलेलं नाही. वाहकाला हिवतापाच्या घातक प्रकारापासून संरक्षण मिळतं. सातपुड्याच्या जंगलात हिवतापानं लेकरं पटापट मरत होती, तेव्हा या अक्षराची एक प्रत ज्याच्यात होती तो जगला. शंभर वर्षांपूर्वी एखाद्या कार्यालयानं ‘चूक’ म्हणून ते खोडलं असतं, तर त्या डोंगरातली किती घरं आज उभी असती?

मग काहीच नियंत्रण नको का? हवं. पण कशावर, हे महत्त्वाचं. याचं उत्तर मला आपल्याच एका कायद्यात सापडतं. सोनोग्राफी आली तेव्हा ती बाळाचं व्यंग पाहायला आली होती. आपण तिच्यातून काय पाहिलं? २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे जळगाव जिल्ह्यात मुली ८४२. राज्याचा आकडा ८९४. आदिवासी नंदुरबारचा आकडा आपल्यापेक्षा चांगला होता. शिक्षण, पैसा, यंत्र, सगळं आपल्या जळगावकडे जास्त, आणि पोरी कमी. हुकूम कोणत्या कार्यालयानं दिला होता? कोणीच नाही. आपल्या ओसरीवर, आपल्या माणसांनीच ठरवलं होतं. जनुकं निवडायची सोय उद्या घराघरात आली, तर लग्नाच्या जाहिरातीतलं ‘गोरी, उंच’ थेट गर्भात जाऊन बसेल, यात मला शंका नाही.

गर्भलिंग तपासणीविरुद्ध पहिला कायदा १९८८ मध्ये आपल्या महाराष्ट्रानं केला, देशाचा १९९४ मध्ये आला. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. यंत्राची नोंदणी, केंद्राची नोंदणी, प्रत्येक तपासणीचा अर्ज, चुकल्यास डॉक्टरला शिक्षा. आणि त्या बाईबद्दल? तिच्यावर घरच्यांनी दबाव आणला असंच कायदा आधी गृहीत धरतो. तोच कायदा हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भाची तपासणी करू देतो, तीही तिच्या लेखी संमतीनं. माझं म्हणणं एवढंच, की उद्याचा जनुकांचा कायदाही असाच हवा. कात्री ज्याच्या हातात आहे त्याच्यावर कडक नजर ठेवा, त्याची प्रत्येक नोंद तपासा. पण ज्याच्या देहावर ती चालणार, त्याच्यावर सक्ती नको, आणि त्याच्या कार्डावर दुसऱ्या कुणाची मालकी नको.

शेवटी साक्री तालुक्यातल्या माझ्या एका विद्यार्थिनीचं सांगते. ती वाहक. सोयरीक जुळली, आणि तिची आई रात्री माझ्याकडे आली. म्हणाली, “बाई, हाई कार्ड दपाडी ठेवू का?” म्हणजे लपवून ठेवू का. मी काही बोलायच्या आत मुलीनंच ते कार्ड आईच्या हातातून घेतलं, दुसऱ्या दिवशी मुलाला दाखवलं आणि म्हणाली, तूही तपासून घे. त्यानं तपासलं. तोही वाहक निघाला.

मी दोघांना समोर बसवून कागदावर चार चौकोन काढले, चारात एक म्हणजे काय ते सांगितलं. खरं सांगते, त्यांनी हे लग्न करू नये असं मला वाटत होतं, आणि मी ते बोलूनही दाखवलं. तिनं ऐकून घेतलं. सुरुवातीलाच गर्भाची तपासणी कुठे होते, केव्हा करायची, किती दिवस लागतात, हे सगळं वहीत लिहून घेतलं. मग दोघांनी लग्न केलं. माझ्या कल्पनेतल्या त्या २०७० च्या यंत्रात लाल दिवा लागला असता.

यंदा अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी आली होती. निंबाला झोका बांधला होता आणि तिची चार वर्षांची लेक त्यावर उभी राहून जोरात झोके घेत होती. त्या लेकीचा अहवाल काय आला, ते मला माहीत आहे. पण मी तो इथे सांगणार नाही. तो तिचा आहे.

नमस्कार.