बिलात न येणारा खर्च

ही फाईल बघा. टोकं दुमडलेली पानं, प्रिस्क्रिप्शनवर प्रिस्क्रिप्शन स्टेपल केलेलं, मागे मेडिकलची बिलं. डिप्रेशनचा खर्च म्हटलं की आपल्याला एवढंच आठवतं, डॉक्टरची फी आणि गोळ्या. पण यापेक्षा कितीतरी जास्त पैसा या फाईलच्या बाहेर जातो.

तो इथे जातोय, या स्क्रीनसमोर. माणूस कामावर आलाय, लॉगिन झालंय, पण मघापासून एकच ईमेल उघडा आहे, दोन ओळी टाईप होतात, पुसल्या जातात, परत टाईप होतात. हजेरी लागली पण काम झालं नाही, आणि रजा निदान पगाराच्या स्लिपवर तरी दिसते, हे कुठेच दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की डिप्रेशन आणि अँग्झायटीमुळे जगात दरवर्षी सुमारे १२०० कोटी कामाचे दिवस बुडतात. पैशात धरलं तर जवळपास १ लाख कोटी डॉलर!

मग हे इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारण आजार किती मोठा हे ठरायचं मुख्यतः त्याने किती माणसं मेली यावरून. माणूस जिवंत आहे पण उठून कामाला लागूच शकत नाही, हे कुठल्या रकान्यात लिहिणार? १९९३ मध्ये जागतिक बँकेच्या अहवालात 'डॅली' नावाचं माप आलं, म्हणजे अकाली मृत्यूने गेलेली वर्षं आणि आजारपणाने हिरावलेली वर्षं, दोन्हींची बेरीज. ख्रिस्तोफर मरे आणि अ‍ॅलन लोपेझ या संशोधकांनी १९९६ मध्ये या मापाने जगातल्या आजारांचा हिशोब मांडला आणि १९९० सालच्या यादीत डिप्रेशन थेट चौथ्या नंबरवर निघालं. आजार तोच होता, फक्त मोजायची पट्टी बदलली होती.

आणि या पट्टीतही न बसणारं एक माणूस आहे. पेशंटच्या शेजारी बसलेलं, गोळ्यांची वेळ मोबाईलवर लावणारं. बहुतेक घरांत ही बाईच असते, कित्येकदा तिने नोकरी सोडलेली असते किंवा अर्धवेळ केलेली असते, आणि तिच्या बुडालेल्या पगाराची पावती कुणीच फाडत नाही.

आणि हा खर्च फक्त पैशांचाही नाही: गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात.

उपाय महाग आहेत असंही नाही. २०१६ मध्ये ३६ देशांचा हिशोब मांडला गेला, त्यात डिप्रेशन-अँग्झायटीच्या उपचारावर घातलेला १ डॉलर सुधारलेल्या तब्येतीच्या आणि कामाच्या रूपात ४ डॉलर होऊन परत येतो असं दिसलं. तरीही सरकारं आरोग्याच्या बजेटमधून मानसिक आरोग्याला सरासरी जेमतेम २ टक्के देतात, आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत त्यातलाही मोठा वाटा मनोरुग्णालयांकडे जातो, त्यामुळे त्या स्क्रीनसमोरच्या माणसाला नोकरी टिकून आहे तोवर समुपदेशन मिळावं यासाठी फारसं काही उरतच नाही.