काचेवरचं ओलं बोट

नमस्कार श्रोतेहो. घरात पातळ काचेचा, दांडीचा पेला असेल तर हात साबणाने स्वच्छ धुवा, बोट ओलं करा आणि पेल्याच्या काठावरून हळूहळू गोल फिरवा. आधी नुसतंच कुचकुचेल, मग एकाएकी पेला गाऊ लागेल. ओलं बोट काचेला क्षणभर चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं. सारंगीच्या तारेवर गज हेच करतो. जलतरंगात काडीचा आघात होतो आणि सूर विरत जातो. इथे आघातच नाही. बोट फिरतंय तोवर सूर तेवत राहतो.

बेंजामिन फ्रँकलिन इंग्लंडमध्ये असताना त्यांनी एडवर्ड डेलावल यांचं पेल्यांचं वादन ऐकलं. पाणी कमी-जास्त करून सुरात लावलेले ते पेले. नाद त्यांना फार भावला. पण टेबलभर पसरलेल्या पेल्यांवर हात किती धावणार? मग १७६१ साली त्यांनी पेल्यांची मांडणीच बदलली. तळाला भोक असलेले काचेचे वाडगे, एकात एक बसवून, आडव्या लोखंडी दांडीवर ओवले. दांडी फिरवायची पायाने, शिवणयंत्रासारखी. बोटं जागच्या जागी, फिरते ते वाडगे! काच घासून प्रत्येकाचा सूर कायमचा लावलेला, म्हणून पाणी लागतं ते फक्त बोटं ओली ठेवायला. सदतीस वाडगे, तीन सप्तकं. सर्वांत मोठा ९ इंच व्यासाचा, सर्वांत लहान ३ इंचांचा. मुख्य सात स्वरांच्या वाडग्यांना इंद्रधनुष्याचे सात रंग, मधल्या अर्धस्वरांना पांढरा. वाडगे इतके जवळ की अनेक सूर एकदम वाजवता येतात. नाव ठेवलं आर्मोनिका.

या वाद्याचं नाव घेतलं की मला मारियाने किर्शगेसनर आठवते. देवीच्या रोगाने लहानपणीच तिची दृष्टी गेली. हे वाद्य घेऊन ती युरोपभर फिरली. १७९१ साली ती व्हिएन्नात आली आणि मोझार्टने खास तिच्यासाठी रचना केली: आर्मोनिका, बासरी, सनईसारखा ओबो, व्हायोला आणि चेलो. त्याच वर्षी डिसेंबरात मोझार्ट गेला.

पुढे या सुरांनी माणूस वेडा होतो, अशी आवई उठली. मला वाटतं, सूर कुठून येतो हे कानाला नीट उमगत नाही, त्यातूनच ती भीती आली असावी. शिवाय सभागृहं मोठी होत गेली आणि हा नाजूक आवाज तिथे पुरेना. १८३५ साली इटालियन संगीतकार डोनिझेट्टीने ‘लुचिया’ ऑपेरातल्या नायिकेच्या उन्मादाच्या प्रसंगासाठी काचेचेच सूर योजले होते, पण पहिल्या प्रयोगाआधीच ती जागा बासरीला मिळाली. आता काही ऑपेरागृहं तिथे पुन्हा काच वाजवतात, याचा मला फार आनंद वाटतो.

तर आता ऐकू या, मोझार्टची ती रचना. रेडिओचा आवाज वाढवू नका. पंखा मात्र जरा बंद करा.