खासगी आणि दौलत

श्रोतेहो, नमस्कार.

मी सव्वीस वर्षं इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका कारखान्यात अकाउंट्समध्ये नोकरी केली. सकाळी महू नाक्यावर कंपनीची बस पकडायची, दिवेलागणीला रामबागेत परत. धंद्यातल्या नीतीवर बोलायचं ठरलं, तेव्हा मला आधी आठवलं ते एक निळं दप्तर.

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा कायदा लागू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. जून महिना, शाळा नुकत्याच उघडलेल्या. कारखान्याजवळच्या गावात आमच्या कंपनीने ४०० मुलांना दप्तरं वाटली. मंडप, हार, फोटोग्राफर, सगळं होतं. दप्तरवाल्याचे पैसे मी आठ दिवसांत चुकते केले होते, कारण कार्यक्रमाआधी काही बाकी ठेवू नका असा वरून निरोप होता. मुलं खरोखर आनंदात होती. एका मुलीने दप्तर पाठीला लावलं ते समारंभ संपेपर्यंत काढलं नाही.

मंडपाच्या कडेला लेथवाले काका उभे होते. सांवेर रोडवर त्यांची शेड, तीन लेथ मशीन, दोन कारागीर. आमच्यासाठी टर्निंगचं, म्हणजे लेथवर सुटे भाग कातून देण्याचं जॉबवर्क करायचे. त्यांचं साडेतीन लाखांचं बिल आमच्याकडे सहा महिने पडून होतं. गेटवर त्यांना कळलं की सगळे शाळेत आहेत, म्हणून तिथे आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, निम्मं तरी सोडा. मुलीच्या फीची शेवटची तारीख आलीय."

मी म्हणाले, "काका, पुढच्या आठवड्यात बघते."

पुढच्या आठवड्यात काही होणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. माल तपासून घेतलेला होता, बिल पास झालेलं होतं, त्यावर एकही डेबिट नोट, म्हणजे मालाबद्दलची कपात, नव्हती. पैसे अडवले होते ते एवढ्याचसाठी, की लहान पुरवठादाराला उशिरा दिलं की तेवढं बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे रोजच्या खर्चासाठीचं कर्ज, कमी वापरावं लागतं. व्याज वाचतं. काका बँकेपेक्षा स्वस्त पडत होते, कारण काका व्याज मागत नव्हते.

आता कायदा काय म्हणतो ते सांगते. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यातलं एक जरी असलं, तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. असं कायद्याने बांधून घेणाऱ्या जगातल्या मोजक्या देशांत आपला देश आहे, आणि या पैशातून शाळा, दवाखाने, तळी उभी राहिली आहेत. त्याचं मोल मी कमी करणार नाही.

पण त्याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे. कंपनी आपल्या नेहमीच्या व्यवहाराचा भाग म्हणून जे करते, ते सीएसआरमध्ये धरायचं नाही. हिशेबनीस म्हणून मला हे पटतं, नाहीतर कंपन्या जाहिरातीलाही समाजसेवा म्हणतील. परंतु याचा एक परिणाम आमच्या ऑफिसात मी रोज पाहिला. 'सामाजिक जबाबदारी' हे धंद्याबाहेरच्या एका फाइलचं नाव झालं. काकांचं बिल त्या फाइलमध्ये कधीच येऊ शकत नव्हतं.

इंदूरच्या माणसाला इथे अहिल्यादेवी आठवल्याशिवाय राहत नाहीत. होळकरांच्या कारभारात पैशाचे दोन वेगळे हिशेब होते, खासगी आणि दौलत. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना खासगीचं स्वतंत्र उत्पन्न लावून दिलं, तेच पुढे अहिल्यादेवींकडे आलं. फौज, कारभार, रयत यांचा खर्च दौलतीतून. घाट, देवळं, धर्मशाळा, अन्नछत्रं हा सगळा दानधर्म खासगीतून. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांच्या नावाच्या वास्तू आपण बघतो. त्या वास्तूंइतकीच मला ती दोन वेगळी खाती मोठी वाटतात. दान करायचं तर आपल्या हक्काच्या पैशातून, रयतेच्या पैशातून नाही.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये जवळजवळ हाच प्रश्न कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना विचारला होता. तुम्ही समाजकार्य करता ते कोणाच्या पैशाने? नफ्यातून केलं तर भागधारकांच्या, किंमत वाढवून केलं तर गिऱ्हाइकांच्या, पगार कमी ठेवून केलं तर कामगारांच्या. कंपनीचं काम नफा मिळवणं, तेही फसवणूक न करता, खेळाचे नियम पाळून. अनेकांना हा विचार निष्ठुर वाटतो. मलाही त्याचं सगळं पटत नाही, कारण खेळाचे नियम करून घेण्यातही पैशाचा हात असतो. पण "कोणाच्या पैशाने?" हा प्रश्न मला सोडून जात नाही. आमची निळी दप्तरं कोणाच्या पैशाने आली? वहीत लिहिलं होतं, नफ्यातून. त्या दिवशी बँकेत जी रोकड होती, तिच्यात साडेतीन लाख काकांचे होते. ज्या कंपनीचं देणं थकलेलं आहे, तिच्याजवळ खासगी म्हणावं असं काही असतं का?

माझे साहेब याला एक उत्तर द्यायचे, आणि ते मनापासून द्यायचे. "अहो, ४०० मुलांचं भलं झालं, एका माणसाला थोडं थांबावं लागलं. हिशेब करा ना." हा बेंथम आणि मिल या इंग्रज तत्त्वज्ञांचा उपयुक्ततावाद, पुष्कळांचं पुष्कळ सुख. गीतारहस्यात टिळकांनी या मताची कसून तपासणी केली आहे, आणि त्यात एक उदाहरण थेट धंद्यातलं आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहराला ट्रामची गरज होती. परवानगी मिळेना, तेव्हा ट्रामच्या व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच दिली. ट्राम झाली, साऱ्या शहराची सोय झाली. पुढे लाच उघडकीला आली आणि खटला उभा राहिला. पहिल्या ज्यूरीचं एकमत होईना, दुसऱ्या ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं. टिळकांचा मुद्दा असा, की नुसतं सुख मोजायचं तर शहराचं भलंच झालं होतं. तरी तो माणूस दोषी का, याचं उत्तर सुखाच्या बेरजेत सापडत नाही. त्यासाठी करणाऱ्याची बुद्धी पाहावी लागते. शंभर वर्षांपूर्वी मंडालेच्या तुरुंगात बसून या माणसाने आमच्या अकाउंट्स विभागाचा प्रश्न लिहून ठेवला होता, असं मला ते पान वाचताना वाटलं.

जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७८५ मध्ये एक दुकानदार उभा केला. हा दुकानदार लहान मुलालाही त्याच भावाने माल देतो, अडाण्याला फसवत नाही. पण का? गिऱ्हाईक टिकावं म्हणून. कांट म्हणतात, वागणं बरोबर आहे, पण त्याला नैतिक मोल नाही, कारण ते कर्तव्य म्हणून केलेलं नाही. आपल्या कापड मार्केटमधल्या एखाद्या जुन्या व्यापाऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणेल, "भाव एकच ठेवला, आता मनातलं कशाला विचारता?" मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. मग लक्षात आलं, की नाव राखण्यासाठी जो प्रामाणिक असतो, तो नाव जाण्याची भीती नसेल तिथे बदलतो. आमच्या कंपनीने मोठ्या स्टील पुरवठादाराचे पैसे कधी एक दिवस थकवले नाहीत. तो माल बंद करू शकत होता. काका काय करणार होते? माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, हे कांटचं दुसरं म्हणणं. काकांना आम्ही बिनव्याजी कर्ज म्हणून वापरत होतो.

हे एका शेडपुरतं झालं. आपल्या शहराने हे मोठ्या आकारात भोगलं आहे. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. ५,८९५ कामगार. आमच्या वाड्यातले दोघे त्यात होते. मिल अवसायनात गेली, म्हणजे विकून देणी फेडायची वेळ आली, देणेकऱ्यांची रांग लागली, जमिनीचा वाद कोर्टात चालला. थकलेल्या देण्याचा सुमारे २२४ कोटींचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ ला. बत्तीस वर्षं! तोवर कितीतरी कामगारांच्या जागी त्यांच्या विधवा रांगेत उभ्या होत्या. आणि तरीही याच गिरणी कामगारांनी अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले रोषणाईचे देखावे, बंद पडू दिल्या नाहीत. हक्काचे पैसे अडकलेले असताना वर्गणी काढून त्यांनी शहराला रात्रभर रोषणाई दाखवली. समाजाला देणं म्हणजे काय, हे मला तिथे दिसतं.

आता पीथमपूरबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. १९८४ मध्ये एडवर्ड फ्रीमन या अमेरिकन प्राध्यापकांनी मांडलं, की कंपनी फक्त भागधारकांची नसते. कामगार, गिऱ्हाईक, पुरवठादार, शेजारी हे सगळे तिचे हितसंबंधी. त्याच वर्षी २ डिसेंबरच्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटलं आणि कारखान्यासमोरच्या वस्त्यांमध्ये हजारो माणसं मेली. शेजारी हितसंबंधी असतात की नाही, याचं उत्तर तिथे मिळालं. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. विषारी कचरा मात्र बंद कारखान्यात चाळीस वर्षं पडून राहिला. जानेवारी २०२५ मध्ये त्यातला ३३७ टन कचरा बारा कंटेनरांत भरून पीथमपूरला आणला, आणि जूनअखेरपर्यंत तो तिथे जाळला गेला.

उत्सर्जन मर्यादेत राहिलं, असं प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांगितलं. पीथमपूरचे लोक तरीही रस्त्यावर उतरले होते, आणि मला त्यात नुसती अफवा दिसली नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स म्हणतात, नियम ठरवताना आपण समाजात कोण असणार हे आपल्याला माहीत नाही असं समजा. भोपाळच्या त्या कारखान्यासमोर राहणारे असू, पीथमपूरच्या भट्टीच्या कुंपणालगत राहणारे असू, की विदेशातले भागधारक असू? तसं समजून कोणी ठरवलं असतं, तर ज्याने कचरा केला त्यानेच तो पहिल्या वर्षी, आपल्या खर्चाने साफ करावा, हे कागदावर आलंच असतं. प्रत्यक्षात नफा एकीकडे गेला आणि राख आपल्या शेजारी आली.

काकांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. त्यांचं बिल राखीपौर्णिमेच्या सुमारास निघालं, साडेसात महिन्यांनी. लघुउद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. करार काहीही असो, पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ताळेबंदाखालच्या टिपेत लघुउद्योगांचं देणं दाखवावं लागतं, ती टीप मीच तयार करत असे. व्याजाच्या रकान्यात मी शून्य लिहिलं.

निवृत्त झाल्यावर एका दुपारी मी तो हिशेब केला. ३८ हजारांच्या आसपास निघाले. ते पान घेऊन सांवेर रोडला गेले. शेड तीच आहे, लेथ आता मुलगी बघते. काकांनी हात पुसले, चष्मा लावला, पान दोनदा वाचलं.

"ताई, हे तेव्हा मागता आलं असतं?"

"आलं असतं, काका," मी म्हणाले. "आणि मला ते माहीत होतं."

त्यांनी पानाची घडी घातली आणि मुलीला हाक मारली. तिच्या हातात आज तीन कंपन्यांची थकलेली बिलं आहेत. आम्ही दोघी त्या संध्याकाळी लेथच्या शेजारी स्टुलावर बसून पहिल्या बिलाचं व्याज मांडायला लागलो.

नमस्कार.