टाकी कशी बनवली ते लाईन गेल्यावर कळते

मंडळी, आणि समोर बसलेले पोट्टेहो, घरी मासोळ्यांची टाकी बनवायची म्हटलं की सगळे पहिले काचेचंच विचारतात. काच महत्त्वाची आहेच, पण आपल्या इकडे लाईन कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि लाईन चालू असताना कसेही जोडलेले पाइप चालून जातात. म्हणून पंप बंद पडला त्या क्षणी पाणी कुठे जाते ते आधी ठरवा, मग पाइपाला करवत लावा.

काचेचं पटकन सांगतो. ३ फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच टाकी धरा. काठोकाठ भरली तर जवळपास १६० लिटर पाणी, म्हणजे १६० किलो, वरून काच आणि रेती, झाले दोन क्विंटलच्या वर. पाण्याचा दाब उंचीवर असतो, दीड फुटाची टाकी २ फूट उंच केली तर तळाशी दाब तिसऱ्या हिश्शाने वाढते. लांबीने काच मधात फुगते, त्यासाठी वरच्या काठाला आडवी पट्टी द्यायची. या मापाला मी १० एमएम सांगतो, पैसे वाचवायची ही जागा नव्हे. सिलिकॉन ॲक्वेरियमचाच घ्या, बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीचं औषध असू शकते, ते मासोळ्यांना विष आहे. चिकटवल्यावर आठवडाभर पाणी टाकू नका. आणि हो, जुन्या सिलिकॉनवर नवीन धरत नाही, लिकेज निघालं तर जुनं ब्लेडने पूर्ण खरडा. स्टँड गवंड्याच्या लेव्हलच्या नळीने सरळ करा, वर थर्माकोलची शीट, मग टाकी.

आता पाइप, इथे जरा लक्ष द्या. टाकीच्या मागच्या काचेला वरच्या बाजूला भोक, त्यात टँक निपल, म्हणजे भोकात बसवून आवळायचा पाइपाचा जोड, त्याला १ इंची पाइप, तो खाली ठेवलेल्या टबात. टबात फिल्टरचा स्पंज, दगडं आणि पंप, पंपातून अर्धा इंची पाइप परत वर. भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव पाहिले असतील तुम्ही, त्याच्या सांडव्याला कोणी दरवाजा बसवत नाही, तसा हा खाली येणारा पाइप टाकीचा सांडवा आहे, त्याला व्हॉल्व्ह लावूच नका. व्हॉल्व्ह वर जाणाऱ्या पाइपाला. आणि जमलं तर थोडं वर दुसरं भोक ठेवा, कारण एखादं पान किंवा मेलेली मासोळी पहिल्या भोकाच्या जाळीवर बसली की पाणी फरशीवरच येणार. भोक डायमंडच्या होल सॉने, वरून पाण्याची धार सोडून, हळू, ड्रिलचा हॅमर बंद ठेवून पाडा. टफन काचेला भोक पाडता येत नाही, ती चुरा होते, म्हणून साधी काच घ्या. निपल हाताने आवळा, पाना घेऊन जोर केला की काच तडकते.

लाईन गेली आता. दोन रस्त्यांनी पाणी खाली येते. एक, भोकाच्या खालच्या काठापर्यंतचं पाणी उतरते, या टाकीत १ इंच म्हणजे साधारण ९ लिटर. दुसरा रस्ता लोक विसरतात, पंप बंद पडला की वर जाणारा पाइपच उलटा सायफन होऊन पाणी ओढते, त्याचं तोंड पाण्यात ४ इंच बुडलेलं असेल तर ३५ लिटर, टब भरून घरभर पाणी. इलाज एकदम साधा आहे, त्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली ४-५ एमएमचं भोक पाडा, पातळी तिथवर उतरली की हवा शिरते आणि सायफन तुटते. त्यात शेवाळ धरते, दर आठवड्याला काडी फिरवा. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या भरवशावर राहू नका, एक रेतीचा खडा अडकला की तो बंद होत नाही. सगळं जोडून झालं की पंप चालू ठेवून मेन स्विच पाडा, टबात पाणी कुठवर चढते ते पाहा, आणि त्या हिशेबाने चालू असतानाची पातळी मार्करने आखून ठेवा, त्या रेषेच्या वर टब कधीच भरायचा नाही.

कुलरचा पंप चालते का, हे कोणीतरी विचारणारच. टेस्टिंगला चालते. रात्रंदिवस पाण्यात ठेवायला सीलबंद ॲक्वेरियम पंप घ्या, आणि खोक्यावरचा एच मॅक्स वाचा, तेवढ्या उंचीवर पाणी शून्य असते, आपल्याला त्याच्या निम्म्यातच काम करायचं आहे. अर्थिंग नसलेल्या बोर्डावर पंप लावू नका, पाण्यात हात घालायच्या आधी स्विच बंद.

उन्हाळ्यात लाईन गेली की खरी अडचण श्वासाची. २० डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावते, ३० ला साडेसात, आणि मे महिन्यात आपल्या टिनाखाली पाणी त्याच्याही वर जाते. बॅटरीवाल्या फवारणी पंपाची १२ व्होल्टची ८ एएच बॅटरी घ्या, त्याला ३ वॅटचा १२ व्होल्टचा छोटा हवेचा पंप लावला की रात्र सहज निघते. हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर बंद पडल्यावर नळीतून पाणी त्याच्यात उतरते.

पण बॅटरी तेवढीच घ्यायची, बरं का! फवारणीची नळी, बादली, मग, काही म्हणजे काही टाकीजवळ आणायचं नाही. कपाशीवर मारतो त्या पायरेथ्रॉइड औषधाचा अंशसुद्धा मासोळ्यांना पुरे होते, आणि डासांच्या अगरबत्तीत, लिक्विडमध्येही त्याच जातीचं औषध असते, हवेचा पंप तीच हवा पाण्यात सोडते. फवारून आले की आंघोळ करूनच टाकीत हात घाला. टाकीची बादली, नळी वेगळी ठेवा, आणि बादलीवर ऑइलपेंटने मोठ्या अक्षरात ‘मासोळ्या’ लिहून टाका, म्हणजे हंगामाच्या घाईत कोणी उचलणार नाही.