आधी खिडकी बघा, मग कापड

नमस्कार मंडळी. मागच्या रांगेत आवाज येतोय ना? बरं. मी गेली सव्वीस वर्षं पडदे आणि सोफ्याच्या खोळी शिवायचं काम करते, आधी घरात एकच मशीन होतं, आता चार कारागीर आहेत, आणि एवढ्या वर्षांत एकच गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसत आलीय, तीच आज सांगायला आले. माणसं कापड घ्यायला निघतात ती रंग ठरवून निघतात. भिंत क्रीम म्हणून पडदे मरून, सोफा ग्रे म्हणून कुशन पिवळी. खिडकी कुठल्या दिशेला आहे, ऊन किती वेळ राहतं, पावसाची झड आत येते का, पडदा रोज कोण ओढणार, धुणार कोण, हे दुकानात कुणी काढतच नाही, ना घेणारा ना देणारा. आणि मग दोन वर्षांनी ते कापड माझ्याकडे येतं, ताई यातून काही करता येईल का बघा.

एक घर सांगते. ठाण्यात सातवा मजला, हॉलची खिडकी पश्चिमेला, समोर एकही इमारत नाही, म्हणजे दुपारी दोनपासून दिवस मावळेपर्यंत ऊन सरळ आत. मुलीचं लग्न होतं म्हणून हौसेने सिल्कचे पडदे घेतले. अस्तर नको म्हणाले, खर्च वाढतो, आणि मी तेव्हा आग्रह धरला नाही, ते मला आजही लागतं. दोनच वर्षांत चुणीचा जो भाग बाहेर येतो, ज्याच्यावर ऊन थेट पडतं, तिथे उभ्या रेषेत कापड फाटत गेलं, हाताने नुसतं ताणलं तरी कागदासारखं जात होतं. सिल्कला ऊन सोसत नाही. तेव्हापासून माझ्याकडे अस्तराशिवाय सिल्क शिवून मिळत नाही, कितीही जवळचं गिऱ्हाईक असो.

सुती कापड पण उन्हाने विरतं आणि विटतं, फक्त सावकाश. आणि पॉलिएस्टर, ज्याला सगळे नाक मुरडतात, ते काचेमागच्या उन्हात चांगलं तग धरतं, आटत नाही, इस्त्री जवळजवळ लागत नाही. अंगावर घालायला मलाही सुतीच लागतं, पण पश्चिमेच्या खिडकीला मी पॉलिएस्टर किंवा पॉलिएस्टर मिसळलेलं कापडच सुचवते. उत्तरेची खिडकी असेल, ऊन थेट येत नसेल, तर मग मनाजोगतं सुती घ्या, लिनन घ्या, खादी घ्या, त्याचा जो पोत दिसतो ना मंद उजेडात, त्याला तोड नाही. लिनन चुरगळतं, ते चुरगळलेलं आवडत असेल तरच घ्या, नाहीतर दर आठवड्याला पडद्याला इस्त्री करत बसाल.

आता हे कापड खरंच सुती आहे का हे कसं कळणार, कारण दुकानात "कॉटन लुक", "लिनन लुक", "सिल्क फिनिश" असे शब्द चालतात आणि घाईत आपल्याला फक्त पहिला शब्द ऐकू येतो. सोपी परीक्षा आहे. कडेचे चार धागे काढून घ्या, घरी आणून चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा आणि पेटवा. सुती असेल तर कागद जळल्याचा वास आणि बोटाने विस्कटेल अशी मऊ राख. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी होतो. खऱ्या सिल्कला केस जळल्याचा वास येतो. मिश्र कापड असेल तर दोन्ही खुणा दिसतात. उभे धागे आणि आडवे धागे वेगळे काढून जाळा, कारण ताणा एकाचा आणि बाणा दुसऱ्याचा असं सर्रास असतं.

आणि कातरण मागा. लाजू नका. पुण्यात रविवार पेठेत जा नाहीतर मुंबईत मंगलदास मार्केटमध्ये, ताक्यावरून विकणारा दुकानदार बोटभर का होईना तुकडा कापून देतो, कॅटलॉगवाले पुस्तकच दोन दिवस घरी नेऊ देतात, थोडं डिपॉझिट ठेवून. दुकानातल्या पांढऱ्या लाइटखाली जो रंग राखाडी दिसतो तोच आपल्या पिवळ्या दिव्याखाली हिरवट दिसू शकतो, यात दुकानदाराची फसवणूक नसते, उजेड बदलला की रंग बदलतो एवढंच. ते कातरण खिडकीलाच टाचणीने लावा, सकाळी बघा, दुपारी ऊन मागून आलं की बघा, रात्री दिवे लावून बघा. मागून उजेड आला की पातळ कापडाची नक्षी कुठल्या कुठे जाते. आणि त्या तुकड्याचा अर्धा भाग धुवून बघा, रंग किती जातो, खळ निघाल्यावर कापड कसं राहतं. खळीमुळे जाडजूड वाटलेलं सुती कापड पहिल्या धुण्यात लुळं पडलेलं मी कितीतरी वेळा बघितलंय. सुती पडदे करायचे असतील तर शिवायच्या आधी कापड भिजवून वाळवून द्या, मीटरमागे चार-पाच सेंटीमीटर सहज आटतं, आणि शिवल्यावर आटलं तर पडदा जमिनीपासून चार-पाच बोटं वर लोंबकळतो.

आता मापाकडे येऊ, कारण पैसे इथे जातात. पडद्याच्या कापडाचा पन्हा, म्हणजे ताक्याची रुंदी, साधारण ४८ इंच नाहीतर ५४ इंच असतो. समजा खिडकी सहा फूट रुंद, पाच फूट उंच आहे. रॉड दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच बाहेर न्यायचाच, म्हणजे पडदा उघडला की काच झाकली जात नाही. झाले ८४ इंच. चुण्या नीट पडायला रुंदीच्या दुप्पट कापड लागतं, म्हणजे १६८ इंच. भागिले ४८, साडेतीन, म्हणजे पूर्ण पन्ह्याचे चार तुकडे, चार पॅनल. उंची म्हणाल तर खिडकीची ६०, वर सहा, खाली आठ, झाले ७४, आणि वरची पट्टी आणि खालची दुमड मिळून १२ इंच धरा, ८६ इंच. गुणिले चार, ३४४ इंच, म्हणजे पावणेनऊ मीटर. हे साध्या कापडाचं. मोठी नक्षी असेल तर दुकानदाराला विचारा की नक्षी किती इंचावर परत येते. समजा २५ इंचावर येते, तर चारही पॅनलवर फुलं एका ओळीत यायला प्रत्येक तुकडा २५ च्या पटीत कापावा लागतो, ८६ ऐवजी १००, आणि मग तीच खिडकी सव्वादहा मीटर खाते. दीड मीटर कापड नुसतं नक्षी जुळवण्यात गेलं. नक्षी घेऊ नका असं मी म्हणत नाही, मला स्वतःला मोठी फुलं फार आवडतात, पण मीटरचा भाव बघून हिशोब करू नका, पूर्ण खिडकीचा हिशोब करा. आतल्या झिरझिरीत पडद्याचं कापड २८० सेंटीमीटर पन्ह्याचं पण मिळतं, ते आडवं लावतात, पन्ह्याची उंची होते, मध्ये एकही जोड येत नाही आणि याच खिडकीला साडेचार मीटरमध्ये काम होतं.

कापड वाचवायला दुप्पटीऐवजी दीडपट घेणारे खूप. पडदा बंद केला की तो सपाट चादरीसारखा दिसतो, चुणी राहतच नाही. त्यापेक्षा स्वस्त कापड घ्या पण भरपूर घ्या. शंभर रुपये मीटरचं कापड दुप्पट चुणीत जेवढं देखणं दिसतं तेवढं सहाशेचं कापड कंजुषीने लावलं तर दिसत नाही, हे माझं ठाम मत आहे.

आणि सगळं कापड एकदाच, एकाच ताक्यातून घ्या, वर अर्धा मीटर जास्त. महिन्याने परत गेलात तर तोच नंबर, तेच नाव, पण रंगाचा घाणा दुसरा असतो, म्हणजे कापड वेगळ्या वेळी रंगवलेलं असतं, आणि शेजारी लावल्यावर फरक कळतो.

ब्लॅकआउटबद्दल दोन शब्द. दुकानात "तीन पास" म्हणतात, म्हणजे कापडाच्या पाठीवर तीन थर चढवलेले, त्यातला मधला काळा. त्याने खरंच अंधार होतो, रात्रपाळीच्या माणसाला, तान्ह्या बाळाला फार उपयोग. पण त्या थराला गरम इस्त्री लागली की तो चिकटतो, वॉशिंग मशीनमध्ये पिळला की भेगा पडतात आणि मग पडद्यातून चांदण्यासारखे ठिपके दिसतात. थर वेगळ्या अस्तरावर घ्या आणि समोर तुम्हाला आवडेल ते कापड लावा, म्हणजे पुढे दोन्ही वेगळं धुता येतं, बदलता येतं.

सोफ्याचं कापड हा वेगळा विषय आहे आणि इथे लोक पडद्याचं कापड सोफ्याला लावायची चूक करतात, मॅचिंग हवं म्हणून. पडदा लोंबतो, सोफा घासला जातो. कॅटलॉगच्या मागे मार्टिनडेल म्हणून आकडा असतो, मशीनवर ते कापड ठरावीक लोकरी कापडाने घासतात आणि धागे तुटेपर्यंत किती फेरे टिकलं ते मोजतात. रोजच्या वापराच्या सोफ्याला २०,००० ते २५,००० पाहिजे, ऑफिसला ३०,००० च्या वर. काही पुस्तकांत "डबल रब" असं लिहिलेलं असतं, ती परीक्षा वेगळी, ते दोन आकडे एकमेकांशी लावून बघू नका. आकडा नसेल तर कापड उजेडासमोर धरा, विणीतून उजेड चाळणीसारखा आला तर सोडून द्या, आणि नखाने आडवं ओढून बघा धागे सरकतात का.

मखमलीला हात फिरवून बघा, एकीकडून गडद, उलटीकडून फिकी दिसते. सगळे तुकडे एकाच दिशेने कापले नाहीत तर एकाच सोफ्यावर दोन रंग दिसतात, म्हणून कारागिराला कापायच्या आधीच सांगा, आणि यात कापड थोडं जास्त लागतं. घरात मांजर असेल तर उलट मखमल बरी, कारण तिच्यात नखं अडकायला मोकळे फासे नसतात, जाड विणीच्या कापडाचे फासे मांजर एका आठवड्यात बाहेर काढतं.

आणि ते लेदरसारखं दिसणारं कापड, पीयू म्हणतात ते. कोकणात, मुंबईत, जिथे हवा दमट आहे तिथे हलक्या प्रतीचं पीयू अजिबात घेऊ नका. हवेतल्या ओलाव्याने वरचा थर आतून कुजत जातो आणि तीन-चार वर्षांत पोपडे सुटतात. रत्नागिरीहून एका आजोबांनी मला फोटो पाठवले होते, उठलं की पायजम्याला काळे तुकडे चिकटायचे, आणि ज्या दुकानातून घेतला त्यांनी सांगितलं, तुम्ही पुसला नसेल. पुसण्याचा काही संबंध नव्हता हो. निवृत्तीच्या पैशातून घेतलेला सोफा होता तो, मला फार वाईट वाटलं. तो आम्ही जाड सुती कॅनव्हासमध्ये नव्याने मढवून दिला, सगळ्या खोळी चेनवाल्या, काढून धुता येतील अशा.

ही काढून धुवायची गोष्ट आपल्याकडे जुनीच आहे. लाकडी आरामखुर्ची आठवा, पट्ट्यापट्ट्यांचं कॅनव्हास, दोन टोकांना दांडी ओवायला शिवलेली नळी, दांडी काढली की कापड सरळ बादलीत. आत्ताच्या सोफ्याचं कापड स्टेपलरने ठोकलेलं असतं, म्हणून मग आपण ते खराब होऊ नये म्हणून वर सोलापुरी चादर घालतो. चादर सुरेखच आहे, जॅकार्डवर विणलेली, दोन्ही बाजूंनी नक्षी, पण महागाचं कापड घ्यायचं आणि वर्षभर चादरीखाली ठेवायचं यापेक्षा धुता येईल असं कापड घेऊन त्याच्यावर बसा ना. तीन अधिक एक अधिक एकच्या सेटला ५४ इंची कापड दहा ते बारा मीटर धरा, पाठीचा भाग उंच असेल तर जास्त.

ब्लाइंड्सचं थोडक्यात सांगते, कारण ते मोजून तयारच येतात. खिडकीच्या चौकटीच्या आत बसवायचे तर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी येईल ती द्या, आपल्याकडच्या भिंती कुठेच काटकोनात नसतात. स्लायडिंगचं हँडल पुढे येतं का ते पण बघा. बाल्कनीच्या बाजूला सुती रोमन ब्लाइंड, म्हणजे घड्या पडत वर जाणारा, लावू नका, पावसाळ्यात घड्यांमध्ये काळी बुरशी धरते आणि ती निघत नाही. आणि घरात लहान मूल असेल, किंवा नातवंडं येत असतील, तर ओढायच्या साखळीचा फास मोकळा लोंबू देऊ नका. ती भिंतीला क्लिपने ताणून बसवून घ्या, पलंग, पाळणा त्या खिडकीखाली ठेवू नका. मुलांच्या गळ्यात अडकून जीव गेलेत, जगभर. बसवणारा माणूस घाईत असतो, क्लिप पिशवीतच राहते. तो जायच्या आधी स्वतः उभं राहून लावून घ्या.

हां, तुम्ही विचारताय जुन्या पडद्यांचं काय. विटलेले असतील पण कापड धड असेल तर त्यांचंच अस्तर करा. नव्या सिल्कच्या मागे जुनं सुती, याहून चांगलं अस्तर बाजारात मिळत नाही, कारण ते जेवढं आटायचं तेवढं आधीच आटलेलं असतं. घेऊन या माझ्याकडे, फक्त धुवून आणा.