चित्रकथेला वाचक कुठे भेटतो?

[दृश्य: रेल्वे फलाटावरचा पुस्तकांचा स्टॉल]

1964 साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’ समूहाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली. वेताळाच्या, म्हणजे ‘फँटम’ या मुखवटेधारी नायकाच्या, गोष्टी मराठीतही येऊ लागल्या. 1976 मध्ये आबिद सुरतींचा बहादूर हा भारतीय नायक त्यात आला. हे अंक फलाटावर मिळत, पेपरवाल्याकडे मिळत, आणि गल्लीतल्या एखाद्या दुकानात दोरीवर टांगलेले असत, दिवसाच्या भाड्याने. खाऊच्या पैशांत, कुणा मोठ्याला सोबत न घेता, मूल स्वतःच ते घेऊन यायचं.

1990 मध्ये इंद्रजाल बंद पडली. टीव्हीने कॉमिक्स संपवली, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. मुलाच्या येण्याजाण्याच्या वाटेवरून कॉमिक दिसेनासं झालं, हा उरलेला अर्धा भाग.

अमेरिकेत हेच आधी घडलं होतं. तिथे कॉमिक्स पेपरच्या स्टॉलवर, औषधांच्या दुकानात विकली जात. 1970च्या दशकापासून फक्त कॉमिक्सची दुकानं वाढली आणि प्रकाशक त्यांच्याकडे वळले. ही दुकानं न खपलेले अंक परत पाठवत नसत, त्यामुळे प्रकाशकाचं नुकसान टळलं. पण अशा दुकानाची पायरी चढणार कोण? जो आधीच शौकीन आहे तो. लहान मुलं, आणि त्यातही मुली, बाहेर राहिल्या.

[दृश्य: शाळेतलं पुस्तक प्रदर्शन, पुस्तकं चाळणारी मुलं]

2005 मध्ये अमेरिकेतल्याच स्कॉलॅस्टिक या प्रकाशनसंस्थेने चित्रकादंबऱ्यांसाठी ‘ग्राफिक्स’ हा विभाग काढला. शाळांमध्ये भरणारी या संस्थेची पुस्तक प्रदर्शनं मुलांच्या ओळखीची होतीच. 2010 मध्ये रेना टेल्गेमायर यांचं ‘स्माइल’ आलं. सहावीतली मुलगी धडपडते, पुढचे दोन दात जायबंदी होतात, मग वर्षानुवर्षं दंतवैद्याच्या वाऱ्या आणि वर्गातली चिडवाचिडवी. अतिमानवी शक्ती असलेला कुणी नायक त्यात नाही. मुलींनी ते पुस्तक डोक्यावर घेतलं. जागा बदलली, गोष्टही बदलली, आणि वाचक आले.

आपल्याकडे चित्रकारांची वानवा कधीच नव्हती. ‘टिंकल’ या मुलांच्या इंग्रजी नियतकालिकातला सुपंडी राम वाईरकरांनी चितारला, शिकारी शंभू वसंत हळबेंनी. हिंदी कॉमिक्समधल्या नागराज या नायकाचे सुरुवातीचे अंक प्रताप मुळीकांचे. हात मराठी, पण ही पात्रं जन्मली इंग्रजीत आणि हिंदीत. मराठीत जन्मून घराघरांत पोचला तो चिंटू. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी 1991 मध्ये तो ‘सकाळ’मध्ये आणला. त्याला शोधायला कुणाला दुकानात जावं लागलं नाही, तो रोज सकाळी पेपरबरोबर दारात यायचा.

[दृश्य: एसटी स्थानक, जिल्हा परिषदेच्या शाळेतला वाचन कोपरा]

आज जुन्या मालिकांचे जाडजूड, पुठ्ठा बांधणीचे संच निघतात. पन्नाशीचा वाचक ते आनंदाने घेतो, आणि घ्यावेतच. पण दहा वर्षांच्या मुलीच्या हाती ते पडत नाहीत. तिच्यासाठी सोळा पानांची, एका अंकात संपणारी, वडापावच्या किमतीतली गोष्ट हवी. ती एसटी स्थानकावर टांगलेली हवी, शाळेच्या वाचन कोपऱ्यात हवी, आणि फोनवर अंगठ्याने वर सरकवत वाचता येईल अशीही हवी. परिच्छेद वाचताना अडखळणारं मूल संवादांचे फुगे सहज वाचतं. त्या फुग्यांत वऱ्हाडी येऊ द्या, मालवणी येऊ द्या, अहिराणी येऊ द्या.

आणि गोष्टी मुलांकडूनच मागवा. सुपंडीची पहिली कल्पना तिरुचिरापल्लीच्या एका वाचकाने ‘टिंकल’ला पाठवली होती. संपादकांनी ती वाचली आणि छापली, म्हणून तो आजही आपल्यात आहे. गडचिरोलीहून, दापोलीहून, नंदुरबारहून अशी पत्रं यायला हवी असतील, तर आधी त्या गावांत अंक पोचायला हवा, आणि त्याच्या शेवटच्या पानावर पाठवणाऱ्याच्या नावासकट, गावासकट गोष्ट छापण्याचा शब्द द्यायला हवा.